घरी आणलेला वाघ

आजोबांनी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनांच्या बुडाला शिक्का मारायचा, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप भरून घ्यायचं आणि ते ठरलेल्या रेघेच्या खाली भरलं तर पंपाला सील ठोकायचं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत आपल्या हातून एकही चूक झाली नाही असं ते स्वतः सांगत नसत. कोणी तसं म्हटलं तर त्याला अडवतही नसत.

दोन महिन्यांपूर्वी ते मुलाच्या घरी राहायला आले होते. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात, वर्षातले आठ महिने समुद्रावर. सून इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात. मुलं दोन. नात सात वर्षांची. कोणत्याही गोष्टीवर ‘पण का?’ विचारल्याशिवाय पुढे सरकत नसे, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणत. नातू साडेतीन वर्षांचा, त्याला टिल्लू म्हणत. मुलांना सांभाळणाऱ्या बाई लग्न ठरल्याचं सांगून आठ दिवसांच्या मुदतीवर निघून गेल्या, तेव्हा सुनेने सासऱ्यांना फोन केला होता, “बाबा, थोडे दिवस येता का?” थोडे म्हणजे किती, हे काही मापात बसणारं नव्हतं. तरी आजोबा आले. येताना एक बॅग, एक छत्री आणि एक कोरी वही घेऊन आले.

सासरा आणि सून एकमेकांशी फार अदबीने वागत. इतकी अदब की कधी कधी स्वयंपाकघराच्या दारात दोघंही थांबून ‘आधी तुम्ही’, ‘नाही, आधी तू’ करत राहत आणि टिल्लू मधल्या फटीतून आत जाऊन साखरेचा डबा गाठे. सून सकाळी साडेसातला जाई, संध्याकाळी साडेसहाला येई. आल्यावर विचारी, “बाबा, त्रास नाही ना दिला?” आजोबा म्हणत, “छे, अजिबात नाही.” दोघांनाही ठाऊक होतं की हे खोटं आहे, पण ते कागदावर कुठे नव्हतं.

कागदावर बाकी सगळं होतं. कोरी वही आता निम्मी भरत आली होती. कोण किती वाजता उठलं, काय खाल्लं, काय सांडलं, सगळ्याच्या नोंदी. टिल्लूच्या बाबतीत आजोबांची तीन उद्दिष्टं होती. रस्त्यात नीट चालणं, ताटातले वाटाणे खाणं आणि दुपारी गोष्टीशिवाय झोपणं. दोन महिने त्यांनी नेट लावला होता, पण पालथ्या घड्यावर पाणी. टिल्लू गटाराच्या प्रत्येक झाकणावर उभा राहून त्याला ‘हॅलो’ म्हणे. वाटाणे एक एक करून पाण्याच्या पेल्यात सोडे. आणि दुपारी त्याला तीच ती कोल्ह्याची गोष्ट पाच वेळा लागे, त्यातही कोल्ह्याचा आवाज प्रत्येक वेळी तोच लागे.

बालवाडीतून त्याला आणण्याचीही आजोबांची एक पद्धत होती. बारा पंचावन्नला फाटकाशी हजर. एकला दार उघडलं की आधी खुंटी, मग दप्तर, मग मूल आणि शेवटी बाईंच्या वहीत सही, खाली वेळ. प्रत्येक मुलाची खुंटी ठरलेली होती आणि सुटायच्या वेळी मुलांनी आपापल्या खुंटीखाली उभं राहायचं असा नियम होता. टिल्लूची खुंटी चौदा नंबरची. हा नियम आजोबांना फार पसंत होता. ज्या कोणी तो केला असेल त्या व्यक्तीबद्दल त्यांना मनातून आदर होता.

मग तो गुरुवार आला.

त्या दिवशी बालवाडीत प्राणी दिवस होता. मुलांनी ‘कोणताही एक प्राणी’ होऊन यावं, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. परंतु पालकांची आपापसांत फोनवर चर्चा झाली आणि सगळ्यांनी वाघावर शिक्कामोर्तब केलं, कारण पिवळा टी-शर्ट प्रत्येकाच्या घरी होता आणि काळी चिकटपट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती. त्यामुळे वर्गातल्या बावीस मुलांपैकी एकवीस वाघ आले आणि एक ससा आला. सशाच्या घरचा फोन बंद होता.

सगळ्या वाघांची तोंडं बाईंनी स्वतः रंगवली. पिवळा रंग, काळे पट्टे, नाकावर काळा ठिपका, दोन्ही गालांवर तीन तीन मिशा. रंगवून झाल्यावर त्यांनी सांगितलं की वाघ बोलत नाहीत, फक्त गुरगुरतात. हे त्या सहज बोलून गेल्या होत्या. मुलांनी ते मनावर घेतलं. एवढी शांत सकाळ बाईंच्या साऱ्या नोकरीत कधी गेली नव्हती.

एक वाजता आजोबा आत गेले तेव्हा बाई कोपऱ्यात सशाची समजूत काढत होत्या. त्याला वाघ व्हायचं होतं आणि रंग संपला होता. आजोबांनी चौदा नंबरच्या खुंटीवरून दप्तर काढलं. खुंटीखाली एक वाघ उभा होता. उंची बरोबर होती. आजोबांनी बोट पुढे केलं, वाघाने ते धरलं. आजोबांनी वहीत सही केली, एक वाजून चार मिनिटं अशी वेळ घातली आणि ते बाहेर पडले.

फाटकापाशी पाणी साचलं होतं म्हणून त्यांनी वाघाला उचलून पलीकडे ठेवलं. टिल्लू साडेचौदा किलोचा. हा त्यांना पंधराच्या जवळपास वाटला. एवढा फरक त्यांच्या हाताला लगेच कळे. डबा पोटात गेला असेल आणि वर रंगाचं वजन, असा त्यांनी हिशेब बसवला आणि ते चालू लागले.

वाटेत वाघ अगदी नाकासमोर चालला. एकाही झाकणाला त्याने हॅलो केलं नाही. आजोबांनी दोनदा खाली वाकून पाहिलं. वाघ गुरगुरला. आजोबा म्हणाले, “शाबास.”

घरी पोचल्यावर वाघाने बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवले. आजोबांनी तोंड धुवायला नेलं तर तो एवढ्या जोरात गुरगुरला की त्यांनी तो विषय सोडून दिला. रंग संध्याकाळी आईला दाखवायचा असेल. ताटात भात होता, उकडलेलं अंडं होतं आणि नियमाप्रमाणे दहा वाटाणे होते. वाघाने आधी वाटाणे खाल्ले. मग ताट पुढे करून तो आजोबांकडे बघत बसला. आजोबांनी आणखी दहा वाढले. तेही त्याने संपवले. मग तो आपण होऊन पलंगावर जाऊन आडवा झाला, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपला. गोष्ट नाही, कोल्हा नाही, काही नाही.

आजोबा बराच वेळ दारात उभे राहिले. प्रयत्न कधी वाया जात नाहीत, असं त्यांना वाटलं. माणसाने फक्त चिकाटी सोडू नये. त्यांनी वही उघडून लिहिलं: ‘१.४० वाटाणे, नग २०, पूर्ण. २.०५ स्वतःहून झोपला. तिन्ही बाबतींत प्रगती समाधानकारक.’ ‘समाधानकारक’ खोडून त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं. हा शब्द त्यांनी नोकरीत दोनदाच वापरला होता.

अडीचला शाळेच्या गाडीने वकीलबाईला खाली सोडलं. ती वर आली, दप्तर फेकलं, पाणी प्यायली आणि भावाचा वाघ कसा झालाय ते बघायला आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली.

“आजोबा, हा कोण आहे?”

“वाघ,” आजोबा म्हणाले. त्यांना वाटलं खेळ चालला आहे.

“ते कळलं. पण कोणाचा?”

“कोणाचा म्हणजे? आपला.”

“हा आपला नाही.”

आजोबांनी चष्मा सारखा केला. “रंग लावलाय म्हणून तुला तसं वाटतंय.”

“पायाला कुठे रंग लावलाय?” वकीलबाई म्हणाली. “टिल्लूच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा मोठं आहे. बाबांसारखं. याचं लहान आहे. आणि हा तोंड मिटून झोपलाय. टिल्लू झोपला की उशी ओली होते.”

आजोबांनी बूट आठवले, झाकणं आठवली. वीस वाटाणे आठवले. अर्धा किलो आठवला. एकेक गोष्ट आपल्या जागेवर जाऊन बसू लागली आणि आजोबा मात्र उभे राहिले. ते आत गेले आणि त्यांनी वाघाच्या पायाची बोटं पाहिली. मग स्वतःचीही पाहिली. त्यांचं दुसरं बोट मोठं होतं.

वाघ जागा झाला. वकीलबाईने चौकशी हाती घेतली.

“तुझं नाव काय?”

“वाघ.”

“पूर्ण नाव?”

त्याने विचार केला. “पट्टेवाला वाघ.”

“घर कुठे आहे?”

“वरती.”

“तुझे बाबा काय करतात?”

“पप्पा डोकी कापतात,” वाघ म्हणाला आणि पुन्हा गुरगुरू लागला.

आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. फ्रिजच्या दारावर सुनेने लावलेली चिठ्ठी होती. तिच्यावर तीन नंबर होते. बालवाडी, डॉक्टर आणि ती स्वतः. बालवाडीचा फोन वाजत राहिला. दोनला तिथे कुलूप लागे, हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी चार वेळा लावून पाहिला. कुलूप लागलं म्हणजे आत मूल नाही. आत मूल नाही म्हणजे ते कोणीतरी नेलं. कोणी नेलं? ज्याने नेलं त्यानेही वहीत सही केली असेल. सहीवर आजोबांचा जन्मभर विश्वास होता.

डॉक्टरांना फोन करण्यात अर्थ नव्हता. राहिला तिसरा नंबर.

सुनेने दुसऱ्या रिंगला उचलला. ती कामावर असताना आजोबांनी तिला आजवर एकदाही फोन केला नव्हता. “बाबा? काय झालं? टिल्लू बरा आहे ना?”

आजोबांनी घसा साफ केला. “मुलगा बरा आहे. जेवला, झोपला. मुलगा आपला नाही.”

पलीकडून कुठल्याशा यंत्राचा घुर्र आवाज येत राहिला. मग सून म्हणाली, “म्हणजे?”

“म्हणजे मी दुसरा आणला. सगळे वाघ होते. खुंटी बरोबर होती.”

“आणि आपला कुठे आहे?”

“ते मला माहीत नाही,” आजोबा म्हणाले. हे वाक्य आयुष्यात प्रथमच तोंडातून बाहेर पडत असल्यासारखं त्यांना वाटलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज एकदम सपाट झाला, वाचून दाखवल्यासारखा. “बाईंचा मोबाइल नंबर आहे माझ्याकडे. मी लावते. तुम्ही फोन ठेवा आणि कुणाला करू नका, लाइन मोकळी राहू दे. त्या मुलाला पाणी द्या. मोठीला सांगा घाबरू नकोस.”

“ती घाबरलेली नाही,” आजोबा म्हणाले, पण फोन बंद झाला होता.

पुढची नऊ मिनिटं आजोबा स्वयंपाकघरात खुर्चीवर फोन मांडीवर घेऊन बसले. बाहेरच्या खोलीत वकीलबाई आणि वाघ ठोकळे रचत होते. आजोबा टिल्लूचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला बघत होते. पोलिसांना सांगावं लागलं तर वर्णन द्यावं लागेल. वजन साडेचौदा किलो. उंची शहाण्णव सेंटिमीटर. खुंटी क्रमांक चौदा. नाक कसं आहे? नाक त्यांना आठवेना. डोळे टपोरे, पण टपोरे डोळे तर सगळ्याच पोरांचे. दोन महिने ते रोज या पोराचं बोट धरून चालत होते आणि रोज त्यांचं लक्ष झाकणं मोजण्यात गेलं होतं. टिल्लू झाकणाला हॅलो म्हटल्यावर वर बघून काहीतरी म्हणत असे. काय म्हणत असे? आजोबा तेव्हा घड्याळ बघत असत. रडणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं, म्हणून त्यांनी मेजावरचं मीठ उचलून जागेवर ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

फोन वाजला. “सापडला,” सून म्हणाली. एवढं म्हणून ती थांबली आणि तिचा श्वास ऐकू आला. “न्हाव्याच्या दुकानात आहे. पाण्याच्या टाकीमागची गल्ली. तुमच्याकडचा मुलगा त्या न्हाव्याचा. त्याने मघाशीच बाईंना फोन केला होता, पण बाईंचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, त्यांनी आत्ता पाहिला. मी निघालेय. तुम्ही दोघांना घेऊन तिथेच या.”

आजोबांनी वकीलबाईला चपला घालायला सांगितलं. वाघाने आपले बूट आपण घातले. जाताना आजोबांनी त्याचं मनगट धरलं होतं, बोट नव्हे. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की आपण फार जोरात चाललो आहोत आणि वाघ पळतोय. मग त्यांनी त्याला कडेवर घेतलं. पंधरा किलो, चारशे ग्रॅम. आता वजन बरोबर कळत होतं.

दुकान लहान होतं. दोन फिरत्या खुर्च्या, समोर आरसा, बाकावर जुनी मासिकं. एका खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकली होती आणि तिच्यावर, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून, दुसरा वाघ बसला होता. त्याच्या डोक्याची डावी बाजू बारीक कापलेली होती, उजवीकडचे केस होते तसेच होते. खुर्ची सावकाश गोल फिरत होती. वाघाची तोंड उघडं टाकून समाधी लागली होती.

आजोबा दारातच उभे राहिले. खुर्ची फिरून समोर आली. पट्ट्यांच्या आडून टिल्लूने त्यांना पाहिलं, म्हणाला, “आजोबा, ही फिरते,” आणि पुढे निघून गेला.

न्हावी तिशीचा, हडकुळा माणूस होता. तो आजोबांकडून आपल्या मुलाला घेत म्हणाला, “काका, माफ करा. रोज बायको आणते याला. तिचे दिवस भरत आलेत, म्हणून आज मी गेलो. इथे गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावून ठेवलेला. घाईत होतो. पंधरा नंबरची खुंटी सांगितलेली, तिथून दप्तर घेतलं, खाली वाघ होता, हात पुढे केला, त्याने धरला.”

“दप्तर कोणाचं होतं?” आजोबांनी विचारलं.

“दप्तर आमचंच.”

“माझ्याकडेही दप्तर बरोबर होतं,” आजोबा म्हणाले. दोघांनी मान हलवली. कुठेतरी दोन वाघ शेजारी शेजारी उभे राहिले होते आणि त्यांनी जागा बदलली होती. त्याचं कारण फक्त वाघांना ठाऊक होतं.

“आणि तुम्हाला कळलं कसं?” वकीलबाईने विचारलं.

“डोक्यावरून,” न्हावी म्हणाला. “गिऱ्हाइकं उरकली, म्हटलं पोराचे केस वाढलेत, हात मारून घेऊ. तोंड धुऊ देईना, गुरगुरत होता. म्हटलं राहू दे. डावी बाजू करून मागे आलो तर भोवरा एकच. आमच्याला दोन आहेत.” त्याने आपल्या मुलाचं डोकं वाकवून दाखवलं. दोन होते. “तिथेच मशीन बंद केलं. परक्याच्या पोराचे केस विचारल्याशिवाय कसे कापणार? आणि अर्धे कापलेले परत कसे लावणार? तेव्हापासून नुसती खुर्ची फिरवतोय.”

तेवढ्यात न्हाव्याचा मुलगा बापाच्या कानाशी लागला. “पप्पा, मी वाटाणे खाल्ले.”

न्हाव्याने आजोबांकडे पाहिलं. “खरंच? घरी तर तोंडाला लावत नाही.”

“वीस,” आजोबा म्हणाले. तशा परिस्थितीतही त्यांना जरा बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची शरम वाटली.

सून आली ती अंगात पांढरा कोट तसाच ठेवून. कोटाच्या खिशात चार पेनं होती आणि एक रबरी हातमोजा बाहेर लोंबत होता. ती सरळ टिल्लूकडे गेली. खुर्ची थांबवली, खाली वाकली आणि टिल्लूच्या हनुवटीखालचा लहानसा व्रण बोटाने चाचपून पाहिला. मग कानामागे पाहिलं. मग पायाचं बोट. तीन ठिकाणी खूण पटल्यावर तिने त्याला कापडासकट छातीशी धरलं आणि त्याच्या न कापलेल्या बाजूत तोंड खुपसून उभी राहिली. तिचा खांदा दोनदा हलला. आजोबांनी दुसरीकडे, पावडरच्या डब्याकडे पाहिलं.

“आई, अर्धे राहिलेत,” टिल्लू म्हणाला.

न्हाव्याने विचारलं, “मॅडम, दुसरी बाजू करू का?”

सुनेने तोंड वर केलं. तिच्या नाकाला पिवळा रंग लागला होता. “करा,” ती म्हणाली. “आता अर्ध्यावर कसं सोडणार.”

केस होईपर्यंत सगळे बाकावर एका रांगेत बसले. कोणी मासिक उघडलं नाही.

त्या संध्याकाळी जेवणं लवकर झाली. पोरं आंघोळ करून, रंग उतरवून, खोलीत ठोकळ्यांवरून भांडत होती. आजोबांनी वहीतली दोन पानं नीट फाडून सुनेपुढे मेजावर ठेवली. वर तारीख होती, खाली सही होती. ‘प्रकरण: बालवाडीतून चुकीचे मूल आणणे.’ त्यात वेळेनुसार सगळं होतं. बारा पंचावन्नपासून तीन सत्तावन्नपर्यंत. ससा होता, पाणी साचलं होतं, वाटाणे होते, नग वीस. शेवटी लिहिलं होतं: ‘वजनातील फरक लक्षात येऊनही खाली सही करणाऱ्याने पुढील तपासणी केली नाही. जबाबदारी पूर्णपणे त्याची. यापुढे हे काम त्याच्याकडे ठेवू नये. शनिवारच्या गाडीने परत जाण्यास तयार आहे.’

सुनेने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग पुन्हा पहिल्यावर गेली आणि तिचे ओठ थरथरले. आजोबांना वाटलं आता रडते. तिने पानावर बोट ठेवलं.

“‘समाधानकारक’ खोडून ‘उत्तम’ लिहिलंत?”

“वहीत तसं आहे, म्हणून उताऱ्यातही तसंच ठेवलं,” आजोबा म्हणाले. “लपवण्यात अर्थ नाही.”

आणि सून हसायला लागली. आधी नुसतीच फुसफुस, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मेजावर डोकं टेकून. दोन महिन्यांत आजोबांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे पाणी द्यावं की काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी तेही जरासे हसले, सोबत म्हणून.

“बाबा,” ती डोळे पुसत म्हणाली, “मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. एकाच आडनावाची दोन माणसं, एकाच दिवशी रक्त द्यायला आली. मी चिठ्ठ्या उलट्या लावल्या. एका धडधाकट माणसाला चार दिवस औषधं चालू होती. तो तसा वाचला, पण त्याची बायको इस्पितळात येऊन माझ्यासमोर नुसती बसली. बोलली काहीच नाही. मी राजीनामा लिहून साहेबांकडे नेला.”

“मग?”

“ते म्हणाले, उद्या तुझ्याऐवजी जो येईल त्याने अजून ही चूक केलेली नसेल. त्याच्यापेक्षा तू बरी.” तिने दोन्ही पानं घडी करून कोटाच्या खिशात नव्हे, आपल्या कपाटातल्या खणात ठेवली. “आज दुपारी फोन आल्यावर मला तुमचा राग आला. फार आला. बसमध्ये बसून मी तुम्हाला काय काय बोलत होते. आता नाही येत असं नाही. थोडा अजून आहे.”

“असणारच,” आजोबा म्हणाले.

“तो जाईल. पण शनिवारची गाडी नको. मी एकटीने दमलेय, बाबा. तुम्ही आल्यापासून घरी येताना जिन्यात मला धाप लागत नाही, एवढंच सांगते.”

आजोबांनी वही मिटून बाजूला ठेवली. ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात दोघं एकाच वेळी पोचली आणि या खेपेस सून सरळ आधी निघून गेली.

आजोबा मुलांच्या खोलीत गेले. टिल्लू बारीक केसांनी वेगळाच दिसत होता, कान मोठे वाटत होते. आजोबांनी त्याला दिव्याखाली उभं केलं आणि त्याचा चेहरा बघितला. सावकाश बघितला. नाक पुढे जरा वर उचललेलं होतं. डाव्या भुवईत एक केस उलटा होता. वरच्या दातांत फट होती. टिल्लूनेही त्यांचा चेहरा धरून तसाच बघायला सुरुवात केली.

“आजोबा, तुमच्या नाकात केस आहेत,” तो म्हणाला.

“आहेत,” आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या फाटकाशी नवी पाटी लागली होती. पालकांनी मुलाला नावाने हाक मारून, ओळख पटवून न्यावं. आजोबांना वाटलं, एवढ्याने भागणार नाही. बारा पंचावन्नच्या आधीपासून तिथे न्हावीही उभा होता. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. दार उघडल्यावर दोघंही आत जाऊन आपापल्या पोरासमोर उकिडवे बसले. न्हाव्याने मुलाचं डोकं वाकवून भोवरे मोजले. आजोबांनी दातांतली फट पाहिली. मागून सशाची आई म्हणाली, “जरा सरकता का?”

बाहेर आल्यावर न्हाव्याने आजोबांच्या मानेकडे निरखून पाहिलं. “काका, मागचे फार वाढलेत. कॉलरमध्ये जातायत.”

“इथे आल्यापासून कापलेले नाहीत,” आजोबा म्हणाले. “इथलं कोणी माहितीचं नव्हतं.”

“आता आहे ना,” न्हावी म्हणाला.

रविवारी सकाळी आजोबा दुकानात गेले. टिल्लू बरोबर होता आणि त्याला न्हाव्याच्या पोराबरोबर दुसऱ्या खुर्चीवर बसायचं होतं. एका फळीवर दोघं मावेनात तेव्हा त्यांनी पाळी ठरवली आणि लगेच मोडली. न्हाव्याची बायको आदल्या रात्री इस्पितळात दाखल झाली होती. मुलगी झाली होती. न्हाव्याने हे सांगताना आजोबांच्या गळ्याभोवती कापडाची गाठ दोनदा चुकीची बांधली.

“वजन किती?” आजोबांनी विचारलं.

“दोन किलो नऊशे.”

“छान आहे. नाक कसं आहे?”

न्हाव्याने कात्री हातात धरून आरशात त्यांच्याकडे पाहिलं. “नाक काही नीट बघितलं नाही, काका.”

“संध्याकाळी जाशील तेव्हा बघून घे,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.